शकुनाची पेनी

सोमवारी घरातून पैसा बाहेर जाऊ द्यायचा नाही. मे महिन्याच्या पहिल्या तारखेला दूध, लोणी, मीठ, चुलीतला विस्तव यांतलं काहीच शेजाऱ्याला द्यायचं नाही, वर्षभराची बरकत त्याच्याबरोबर जाते. बाजारात दुसऱ्याचं जनावर पाहिलं की आधी देवाचं नाव घ्यायचं. नुसतं कौतुक केलं तर दृष्ट लागते. भवानीचं नाणं हातात पडलं की त्यावर थुंकायचं आणि मगच खिशात टाकायचं.

ही सगळी वाक्यं मी आयर्लंडमधल्या शाळकरी मुलांच्या वह्यांत वाचली. १९३७ साली आयरिश लोकसाहित्य आयोगानं शिक्षण खातं आणि प्राथमिक शिक्षकांची संघटना यांना सोबत घेऊन एक योजना आखली. २६ काउंट्यांमधल्या (म्हणजे जिल्ह्यांमधल्या) सुमारे ५००० शाळांतल्या वरच्या वर्गांतल्या मुलांनी निबंधाच्या तासाचे नेहमीचे विषय बाजूला ठेवायचे, घरी जाऊन आजी-आजोबांना, शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारायचं आणि जे ऐकलं ते वहीत उतरवायचं. काय विचारायचं यासाठी आयोगाच्या शॉन ओ सूलवॉन यांनी शिक्षकांना एक मार्गदर्शक पुस्तिका करून दिली. भुतांच्या गोष्टी, घरगुती औषधं, खेळ, हवामानाचे अंदाज अशा पंचावन्न विषयांत एक विषय होता खरेदी-विक्री. दोनेक वर्षांत जवळपास ७,४०,००० पानं भरली. आज ती इंटरनेटवर कुणालाही वाचता येतात. मी गॉलवे काउंटीत राहते. हिवाळ्यात इथे दुपारी साडेचारलाच अंधार पडतो, आणि त्या लांब रात्रींत मला या वह्यांचा नाद लागला आहे.

खरेदी-विक्रीबद्दलची पानं बहुधा एकाच वाक्यानं सुरू होतात: पूर्वी आमच्या भागात दुकान नव्हतं. मग पाठीवर पेटी घेऊन हिंडणारे फेरीवाले येतात. सुया, दोरे, फिती, संतांच्या तसबिरी. कुणी चिंध्या, पिसं आणि घोड्याच्या शेपटीचे केस घेऊन बदल्यात चिनी मातीचा पेला देतो. रविवारी चर्चमधली प्रार्थना आटोपली की फाटकाबाहेर लिलाव पुकारला जातो. ज्याच्याकडे घोडा आहे तो दुसऱ्याचं शेत नांगरून देतो आणि तो दुसरा त्या बदल्यात त्याच्यासाठी दलदलीतून जळणाचं पीट कापून देतो. जनावरांची अदलाबदल झाली, एक गाय दुसरीपेक्षा उजवी निघाली, तर वर काही पैसे द्यायचे. आपल्याकडे त्याला वरताळा म्हणत. वाचताना माझ्या लक्षात येत गेलं की मुलं ‘पूर्वी’ असं लिहीत होती खरी, पण यातलं बरंच काही त्यांच्या स्वतःच्या घरात त्या आठवड्यातही चालू होतं.

सगळ्यात जास्त शाई खर्ची पडली आहे ती जनावरांच्या बाजारावर. हे बाजार गावाबाहेरच्या माळावर भरत, पण बऱ्याच ठिकाणी सरळ मुख्य रस्त्यावरच. दुकानदार आदल्या दिवशी खिडक्यांपुढे फळ्या आणि दांडके ठोकून ठेवत, काचा फुटू नयेत म्हणून. माणसं मध्यरात्रीनंतर दोन-तीन वाजता निघत, दहा-पंधरा मैल गुरं हाकत. सोबत एखादा मुलगा असे, वाटेतली प्रत्येक फट, प्रत्येक उघडं फाटक अडवायला. त्या दिवशी शाळेत पटावरची बरीच मुलं गैरहजर असत आणि मास्तर त्याबद्दल फारसं बोलत नसत. उजाडायच्या आत हेडी, म्हणजे गुरांचे व्यापारी, रस्त्यातच आडवे येत. गावात पोचायच्या आधी, शेतकरी थंडीनं काकडलेला आणि भाव काय फुटलाय हे त्याला ठाऊक नाही, अशा वेळी सौदा स्वस्तात पडतो हे त्यांना माहीत असे.

सौद्याचा क्रम ठरलेला असे. हेडी जनावराभोवती फिरतो, दात बघतो, पाठीवर थाप मारतो आणि मुद्दाम अपमान वाटावा इतका कमी आकडा सांगतो. मालक तोंड फिरवतो. हेडी निघून जातो. तेवढ्यात तिसरा माणूस उगवतो. या मध्यस्थाला आयर्लंडमध्ये टँगलर म्हणत. कधी तो हेड्याच्या पैशावर आलेला असे, कधी नुसता शेजारी. तो हेड्याला बाहीला धरून परत ओढून आणतो, मालकाचा हात जबरदस्तीनं पकडतो, दोघांचे तळवे एकमेकांवर आपटायला बघतो. मालक हात मागे घेतो. भोवती माणसं जमतात आणि प्रत्येकाला काहीतरी म्हणायचं असतं. दोन पौंडांचा फरक उरला की टँगलर ओरडतो, फरक अर्धा अर्धा करा! आणि मग तो दोघांना घालतो ती खास गळ: माझा शब्द मोडू नका. कुणीतरी तळव्यावर थुंकतो, हातावर हात आपटतो, टाळीचा आवाज होतो आणि सौदा पक्का. हेडी बुटाचा चिखल बोटानं घेऊन जनावराच्या पुठ्ठ्यावर ओढतो किंवा कात्रीनं केसांत खूण करतो. कागद नाही, सही नाही. पैसे संध्याकाळी दारूच्या गुत्त्यात मोजले जातील तोवर दुसरा कुणी दुप्पट भाव घेऊन आला तरी त्या जनावराला हात लावणार नाही.

महाराष्ट्रात आमच्याकडच्या गुरांच्या बाजारात दलाल उपरण्याखाली हात घालून बोटांनी भाव ठरवतात, बाहेर उभ्या असलेल्याला पत्ता लागत नाही. आयर्लंडमध्ये नेमकं याच्या उलट होतं आणि मला त्याचं फार आकर्षण वाटतं. तिथे भाव चारचौघांत, आरडाओरडा करून फुटे. रस्त्यावर उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळे की अमक्याची कालवड किती पौंडांना गेली. जमलेली माणसं सौद्याचे साक्षीदार असत, त्यामुळे शब्द फिरवणाऱ्याला पुढच्या बाजारात तोंड दाखवायला जागा नसे. त्या वह्यांतून मला जे हळूहळू उमगलं ते हेच, की त्या समाजात किंमत आणि ओळखपाळख या दोन गोष्टी कधी वेगळ्या झाल्याच नव्हत्या. माणसाला यानं आधार मिळे. आणि यानंच तो अडकूनही पडे.

आधाराची बाजू मला सगळ्यात स्वच्छ दिसते ती शकुनाच्या पेनीत. सौदा झाला, पैसे मोजून झाले, की विकणाऱ्यानं त्यातलं थोडं घेणाऱ्याला परत द्यायचं. नाव पेनीचं असलं तरी गायीच्या सौद्यात ती रक्कम काही शिलिंगांपर्यंत (एक शिलिंग म्हणजे बारा पेनी) जाई आणि तिच्यावरूनही घासाघीस होई. पण द्यायची ती द्यायचीच. जनावर नव्या गोठ्यात सुखरूप राहो, त्याला लागावं, घेणाऱ्याच्या मनात खोट राहू नये, म्हणून. न देणाऱ्याबद्दल लोक वर्षानुवर्षं बोलत. मला यातली कल्पना फार मोठी वाटते. ज्यानं पैसे घेतले त्यानं स्वतःच्या हातानं थोडे परत करायचे, म्हणजे या सौद्यात मी तुला पुरता पिळला नाही हे त्यानं सगळ्यांसमोर मान्य करायचं. दूध मापून घातल्यावर भांड्यात वर आणखी थोडं ओतायची पद्धत तिथे होती, तीही याच जातीची.

मोठ्या बाजारांचा थाट वेगळा. गॉलवेतल्या बॅलिनास्लोच्या ऑक्टोबरातल्या बाजारात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात मेंढ्यांची संख्या लाखाच्या घरात जाई. आज तिथे मुख्यतः घोडे येतात. केरीमधल्या किलॉर्गलिनला १० ते १२ ऑगस्ट असे तीन दिवस बाजार भरतो, डोंगरातून धरून आणलेल्या बोकडाला मुकुट घालतात, आणि तीन दिवसांची नावंच आहेत जमण्याचा दिवस, बाजाराचा दिवस आणि पांगण्याचा दिवस. पहिल्या जेम्स राजाच्या काळात या बाजाराला सनद मिळाली. सनद ज्याच्या हाती त्याला बाजाराचा कर गोळा करायचा हक्क. गावाच्या तोंडाशी कर वसूल करणारा उभा असे आणि विकलेल्या प्रत्येक जनावरामागे पैसे दिल्याखेरीज बाहेर पडता येत नसे.

बाजाराच्या दिवशी संध्याकाळी शेतकऱ्याच्या हातात वर्षातली मोठी रोकड येई आणि रात्र व्हायच्या आत ती संपलेली असे. जमीनदाराचा खंड मे आणि नोव्हेंबरमध्ये भरायचा. गरीब घरांत त्यासाठी डुक्कर वाढवलेलं असे. ‘खंड भरणारे गृहस्थ’ असंच लोक त्याला म्हणत. उरलेलं दुकानदाराच्या खात्यावर. आणि इथून त्या ओळखीपाळखीची दुसरी बाजू सुरू होते.

पश्चिम आयर्लंडमधल्या गावांत दुकानदार नुसता दुकानदार नसे. पीठ, चहा, बियाणं, खत उधारीवर देणारा तोच, ओट आणि अंडी विकत घेणारा तोच, गुत्ता चालवणारा तोच आणि अडीनडीला व्याजानं पैसे देणाराही तोच. या दुकानदार-सावकाराला तिथे गोंबीन मॅन म्हणत. त्याच्या खात्यात नाव असलेल्या माणसाला भाव विचारायची सोय नसे. वही त्याच्याकडे, आकडा त्याच्याकडे. दुसऱ्या दुकानात गेलं तर जुनी बाकी एकदम मागितली जाई. वायव्येकडच्या डॉनेगल काउंटीत बायका कित्येक मैल चालत जाऊन लोकर आणत, रात्री जागून मोजे विणत, पुन्हा तितकंच चालत जाऊन पोचवत, आणि मजुरी म्हणून हातात पैशांऐवजी चहा-साखर पडे, तीही दुकानदार लावेल त्या भावानं. हा प्रकार कायद्यानं गुन्हा होता. पण तक्रार करणार कोण? तो दुकानदार चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसलेला असे आणि मुलीच्या लग्नात त्याचं पान मानाचं असे.

या साखळीवर घाव घालणारा माणूस त्याच मातीतला निघाला. पॅट्रिक गॅलाहर, ज्याला सगळा डॉनेगल पॅडी द कोप म्हणून ओळखतो. कोप म्हणजे को-ऑप, सहकारी संस्था. जन्म १८७१चा, घरची अत्यंत गरिबी. १९०६ साली त्यानं डंग्लोजवळ टेम्पलक्रोन सहकारी संस्था काढली. सुरुवात अगदी साध्या हिशोबातून झाली. खत एकट्यानं दुकानातून घेतलं तर केवढ्याला पडतं आणि शेजाऱ्यांनी एकत्र मागवलं तर केवढ्याला, हे त्याला कळलं. व्यापाऱ्यांनी जमेल तितका विरोध केला. तरी संस्था वाढली, तिनं दुकान चालवलं, अंडी घेतली आणि विणकामाचा कारखाना काढून बायकांना रोख मजुरी दिली. आयर्लंडमध्ये सहकाराची चळवळ त्याआधी होरेस प्लंकेट यांनी लोणी काढणाऱ्या संस्थांपासून सुरू केली होती. पण प्लंकेट सरदार घराण्यातले. पॅडी द कोपनं गोंबीन मॅनच्या वहीतलं पान आतून पाहिलेलं होतं, म्हणून मला त्याचं काम जास्त धाडसाचं वाटतं.

आणि त्यानं आणखी एक बाजार आतून पाहिला होता. लहानपणी, शाळेचं वय असतानाच, तो स्ट्रबेनच्या बाजारात मजुरीला उभा राहिला होता.

याबद्दल लिहिताना माझा हात अडतो. मे आणि नोव्हेंबरमध्ये स्ट्रबेन, लेटरकेनी, डेरी इथे माणसांचे बाजार भरत. डॉनेगलच्या खडकाळ किनाऱ्यावरची मुलं, कित्येकदा दहा वर्षांच्याही आतली, कपड्यांचं गाठोडं काखेत मारून चालत येत आणि रस्त्याच्या कडेला उभी राहत. गाठोडं दिसलं की कळे, हा मुलगा विकाऊ आहे. समृद्ध पट्ट्यातले शेतकरी येत, दंड चाचपून बघत, दोन पावलं चालायला लावत, गाई पिळता येतात का विचारत. मग बाप किंवा मोठा भाऊ भाव करी. सहा महिन्यांचा एकच आकडा आणि तो सहा महिने पुरे झाल्यावर हातात. सौदा ठरला की इसार म्हणून एक नाणं मुलाच्या तळव्यावर आणि त्याचं गाठोडं मालकाच्या ताब्यात, म्हणजे पोरगं पळून जाणार नाही. घरी आयरिश बोलणाऱ्या कित्येक मुलांना नव्या मालकाचं इंग्रजी नीट कळतही नसे. हातावर हात तसाच आपटला जाई, घासाघीस तशीच होई, गर्दीही तशीच जमे. गायीसाठी ज्या रीतीनं माणसाचा शब्द पाळला जाई, त्याच रीतीनं लेकरू सहा महिन्यांसाठी परक्या गोठ्याच्या माळ्यावर झोपायला जाई. जुन्या बाजारांबद्दल कुणी फार हळवं बोलू लागलं की मला ही गाठोडी आठवतात. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास हे बाजार थांबले, आणि ते थांबले हे उत्तमच झालं.

बायकांचा व्यवहार मात्र या रस्त्यावरच्या गोंगाटात दिसत नाही. तो घरातून चालत असे. गाय-बैल, डुक्कर, ओट हा पुरुषांचा पैसा. लोणी आणि अंडी हा बाईचा. अठराव्या शतकात केरीच्या डोंगरांतून कॉर्क शहरापर्यंत लोण्यासाठी रस्ता बांधला गेला. १७७० साली कॉर्कच्या लोणी बाजाराची घडी बसली आणि पुढच्या शतकात तो जगातला सगळ्यात मोठा लोणी बाजार ठरला. लाकडी पिंपांतलं ते लोणी चाखून, वास घेऊन त्याची प्रत ठरवली जाई आणि जहाजानं पार वेस्ट इंडीजपर्यंत जाई. गाड्या हाकणारे पुरुष, प्रत ठरवणारे पुरुष, हिशोब लिहिणारे पुरुष. घुसळणारे आणि मीठ चोळणारे हात मात्र जवळपास सगळे बायकांचे. पुढे लोणी काढायचे कारखाने आले आणि दुधाचे पैसे पुरुषाच्या नावावर जमा होऊ लागले. उरली ती अंडी.

मुलांच्या वह्यांत अंड्यांबद्दल क्वचित एखादंच वाक्य असतं, कारण रोजच्या गोष्टीबद्दल काय लिहायचं? पण त्या एका वाक्यात सगळं घर मावलेलं असतं. शनिवारी आई टोपली घेऊन दुकानात जाते. अंडी मोजली जातात. त्यांच्या किमतीचा चहा, साखर, दिव्याचं तेल, तंबाखू मिळतो. काही उरलंच तर मुलांच्या बुटांसाठी बाजूला. माझ्या शेजारचे शेतकरी आजोबा आता ऐंशीच्या पुढे आहेत. ते मला म्हणाले, “गाई विकल्याचे पैसे आम्ही वर्षातून दोनदा बघायचो. आठवडाभर जेवलो ते आईच्या कोंबड्यांवर.”

म्हणूनच आयर्लंडची जुनी नाणी मला फार आवडतात. १९२८ साली नव्या राष्ट्रानं स्वतःची नाणी पाडली. त्यांची रचना निवडणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते कवी विल्यम बटलर येट्स. नाण्यांवर कुणा राजाचा मुखवटा नव्हता, तलवार-ढालही नव्हती. अर्ध्या पेनीवर पिलांसह डुकरीण, पेनीवर पिलांसह कोंबडी, शिलिंगवर वळू, अर्ध्या क्राउनवर घोडा. शेती खात्याच्या लोकांनी डुकरिणीच्या आणि वळूच्या मूळ आकृतींवर हरकत घेतली आणि शिल्पकार पर्सी मेटकाफला त्या बदलाव्या लागल्या, कारण ज्या देशात प्रत्येकाला जनावराची पारख होती तिथे नाण्यावरचं डुक्करही पारखूनच घेतलं जाणार. जिची अंडी विकून पेनी मिळे ती कोंबडी पेनीवरच बसलेली. सगळ्यात कमी किमतीच्या नाण्यांपैकी एकावर त्या बायकांच्या कष्टाची खूण उमटली, मग ती मुद्दाम उमटवलेली असो वा नसो.

मुलांनी या वह्या लिहिल्या तो काळ वाईट होता. १९३२ ते १९३८ आयर्लंड आणि ब्रिटन यांच्यात आर्थिक युद्ध चाललं होतं. शेतकऱ्यांना जमिनी विकत घेण्यासाठी ब्रिटिश सरकारनं दिलेल्या कर्जाचे वार्षिक हप्ते ब्रिटनला द्यायचे आयर्लंडनं थांबवले, ब्रिटननं आयरिश गुरांवर जबर कर बसवला आणि गुरांचे भाव कोसळले. सरकारनं वासरांच्या कातड्यांवर अनुदान दिलं आणि वासरं मारली गेली. कित्येक बाप दिवसभर पावसात उभे राहून तीच गाय हाकत रात्री परत येत होते. त्याच घरांतली मुलं निबंधाच्या तासाला आजोबांनी सांगितलेल्या जुन्या बाजारांबद्दल लिहीत होती. तेव्हा भाव चांगला मिळायचा, असं वाक्य एखाद्या वहीत दिसलं की मी तिथे थांबते.

रस्त्यावरचे बाजार संपवले ते मार्टनी. १९५०च्या दशकात सहकारी संस्थांनी शहराबाहेर बंदिस्त आवारं बांधली. तिथे जनावर काट्यावर चढतं, लिलाव पुकारणारा भाव बोलतो, पैसे कचेरीतून मिळतात. पुढच्या वीसेक वर्षांत बहुतेक गावांच्या रस्त्यांवरून गुरं नाहीशी झाली आणि टँगलरचं काम उरलं नाही. मी शेजारच्या आजोबांना विचारलं, जुना बाजार परत यावा असं वाटतं का? ते लगेच नाही म्हणाले. मध्यरात्री उठायचं, थंडीत कुडकुडायचं, आणि हेड्याला तुमची निकड चेहऱ्यावर वाचता येते म्हणून पडत्या भावात द्यायचं. काट्याला कुणाची निकड कळत नाही, हे त्यांच्या दृष्टीनं मार्टचं मोठं पुण्य.

गेल्या शरद ऋतूत त्यांनी मार्टमधून दोन कालवडी घेतल्या तेव्हा मीही बरोबर होते. बोली संपली, पडद्यावर वजन आणि आकडा आला, सगळं कागदोपत्री झालं. मग विकणारा माणूस आवाराच्या मागच्या बाजूनं आम्हाला शोधत आला. तो आजोबांच्या ओळखीचा नव्हता. त्यानं खिशातून वीस युरोची नोट काढली, आजोबांच्या हातात दाबली आणि कालवडी तुम्हाला लाभोत असं काहीसं म्हणाला. आजोबांनी ती खिशात घातली आणि पहिली गोष्ट विचारली ती ही, की थोरली कालवड खायला खोडीची आहे का. मग ते दोघं जवळपास अर्धा तास बोलत उभे होते.